जर्मनीत कॅनाबिस क्लबचं सभासदत्व : कुणी घेतलंय का?

नवा_ब्राउनश्वाइगकर :

नमस्कार मंडळी. ब्राउनश्वाइगला येऊन ११ महिने झाले, ब्लू कार्डवर (कुशल नोकरदारांचा राहण्याचा परवाना) आहे. टीममधला एक जर्मन सहकारी इथल्या एका कॅनाबिस क्लबचा, म्हणजे गांजाच्या क्लबचा, सभासद आहे. परवा जेवताना म्हणाला, आमच्याकडे जागा आहेत, यायचं तर सांग. मी हसून वेळ मारून नेली, पण विषय काही डोक्यातून जाईना.

माझा अनुभव म्हणाल तर पुण्यात कॉलेजात असताना टेकडीवर दोन-चार वेळा ओढलेली, आणि गेल्या वर्षी बार्सिलोनाला फिरायला गेलो तेव्हा एका स्पॅनिश मित्राने त्याच्या क्लबात नेलं होतं. तिथे मऊ सोफे, टेबल फुटबॉल, मंद गाणी, कोपऱ्यात एक आजोबा निवांत पेपर वाचत बसलेले. वातावरण आवडलं होतं. इथेही तसंच असतं का? परदेशी माणसाला घेतात का? नाव कुठे सरकारदरबारी जातं का, पुढे नागरिकत्वाच्या वेळी नडेल का? बायको नुकतीच आलीय. तिचं म्हणणं, 'नाव काहीही द्या, शेवटी गांजेकसांचा अड्डाच ना?' तिला काय सांगू, हाही प्रश्न आहेच.

कृपया प्रवचन नको, अनुभव सांगा.


निफाडचा_द्राक्षवाला :

दादा, आधी सोफा विसरा. आमच्या क्लबात बसायला प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या आहेत, त्याही कात्री घेऊन पानं छाटणाऱ्यांसाठी.

मी हॅनोव्हरच्या बाजूला राहतो, म्हणजे तुमच्याच राज्यात. सभासद होऊन वर्ष उलटलं. तुमच्यासारखाच मीही 'क्लब' हा शब्द ऐकून गेलो होतो. पत्ता निघाला गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतला, शेजारी टायरचं दुकान. पाटी नाही, पानाचं चित्र नाही, कारण जाहिरात करायलाच बंदी आहे. बेल वाजवली तर एक बाई बाहेर आल्या, साठीच्या असतील, हातात रबरी मोजे. मला वाटलं चुकून कुणाच्या तरी गोदामात आलो.

आता मुद्द्याचं. इथे आवारात ओढता येत नाही. आवारातच काय, दारापासून १०० मीटरच्या आत नजरेच्या टप्प्यातही नाही. म्हणजे तीसेक माणसं एका खोलीत जमलेली, प्रत्येकाच्या पिशवीत माल, आणि पेटवायची कुणालाच मुभा नाही. चहा-कॉफी मिळते. बिअरही नाही, दारू क्लबात चालत नाही. नाव सोशल क्लब, पण सोशलपणा सगळा कुंड्या भरताना.

तुमच्या वहिनींना, म्हणजे तुमच्या मिसेसना सांगा की हा अड्डा नाही, ही आपली गावाकडची विविध कार्यकारी सोसायटी आहे. माझे चुलते वीस वर्षं सोसायटीचे सचिव होते, त्यामुळे मला पहिल्याच सर्वसाधारण सभेत घरी आल्यासारखं झालं. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. एक निवृत्त शिक्षक उठले आणि म्हणाले, इतिवृत्तात तारीख चुकलीय, मी कायम करू देणार नाही. त्यावर वीस मिनिटं गेली. मग खजिनदाराने हिशोब वाचला. मग विषय क्रमांक चार, हवेतली ओल काढायचं दुसरं यंत्र घ्यायचं की नाही. पावणेतीन तास! हात वर करून मतदान, विरोधात दोन, तटस्थ एक. तटस्थ मी होतो, कारण तोवर मला झोप लागली होती. फक्त आमच्याकडे सभेनंतर भजी मिळायची, इथे कोरडा केक.

कायदा थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून १८ वर्षांवरच्या माणसाला बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम जवळ ठेवता येतं आणि घरात तीन झाडं लावता येतात. दुकानात विक्री मात्र नाही. क्लबांना १ जुलै २०२४ पासून परवाने द्यायला सुरुवात झाली, आणि देशातला पहिला परवाना आपल्याच नीडरझाक्सनमधल्या गांडरकेझेच्या क्लबाला मिळाला. एका क्लबात जास्तीत जास्त ५०० सभासद. दिवसाला २५ आणि महिन्याला ५० ग्रॅमच्या वर कुणालाही देत नाहीत. १८ ते २१ वयाच्या पोरांना महिन्याला ३०, आणि तोही १० टक्क्यांच्या आतल्या टीएचसीचा (गांजातलं नशा आणणारं द्रव्य). एका वेळी एकाच क्लबचं सभासद राहता येतं, आणि किमान तीन महिन्यांसाठी. परदेशी असल्याची अडचण नाही, जर्मनीत राहून सहा महिने झालेले असले म्हणजे पुरे. तुमचे ११ झालेत. पर्यटकाला मात्र दार बंद.

नावाचं म्हणाल तर क्लबाला वही ठेवावी लागते, कुणी कधी किती ग्रॅम नेलं, टीएचसी किती. त्यात नाव आणि जन्मसाल असतं. पाच वर्षं जपून ठेवतात, क्लबांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने मागितली तर दाखवावी लागते. जे कायद्याने करता येतं त्याची नोंद आहे, एवढंच. मी त्यावर झोप उडवून घेतलेली नाही. (सभेत झोपतो तो वेगळा विषय.)

पैसे: आमच्याकडे महिन्याला २० युरो वर्गणी, शिवाय नेलेल्या मालाप्रमाणे ग्रॅममागे ८ युरो. नफा काढायचा नाही. आणि काम करावं लागतं! कायद्यातच आहे की सभासदांनी लागवडीत स्वतः हात घालायला हवा. आमच्याकडे महिन्याला तीन तास. ज्यांना फक्त ओढायचं असतं ते या भानगडीत पडत नाहीत, इंटरनेटवरून डॉक्टरची चिठ्ठी घेतात आणि फार्मसीतून मागवतात. म्हणून क्लबात उरतात ती बागकामाची हौस असलेली माणसं. माझं तर तिथेच जमलं, पण ते मोठं आहे, संध्याकाळी लिहितो.


चकली_आणि_चिली :

वर्गणी भरा, कुंड्या भरा, सभेला बसा आणि मग घरी जाऊन ओढा. यापेक्षा आमचं गणपती मंडळ बरं, तिथे निदान प्रसाद जागेवर मिळतो.


गार्गी_ग्रासिया :

बार्सिलोनात सहा वर्षं काढली, म्हणून त्या सोफ्याबद्दल दोन शब्द.

तो सोफा दिसतो तितका भक्कम नाही. स्पेनमध्ये क्लबांसाठी जर्मनीसारखा देशव्यापी कायदाच नाही. खाजगी जागेत, बंद दाराआड, आधीपासून ओढणाऱ्या प्रौढांनी आपसांत वाटून घेतलं तर तो व्यापार नव्हे, या युक्तिवादावर सगळं उभं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बार्सिलोनातल्याच एका संघटनेने उघड लागवड करून हा प्रश्न कोर्टात नेला होता, आणि तेव्हा शिक्षा झाली. तरी क्लब वाढत गेले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोठाल्या क्लबांना ही सवलत लागू नाही. २०१७ मध्ये कातालोनियाच्या संसदेने स्वतःचा कायदा केला, तो घटना न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला. म्हणजे क्लब आहेत, पण कधी सील लागेल याचा नेम नाही. माझा पहिला क्लब असाच एका मंगळवारी बंद झाला. दारावर कागद. आत माझी छत्री राहिली ती राहिलीच.

सभासद व्हायला जुन्या सभासदाची ओळख लागते. माझी हमी आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुताराने दिली. फॉर्मवर लिहून द्यावं लागलं की मी आधीपासून सेवन करते आणि महिन्याला मला अंदाजे इतकं लागेल. पहिल्यांदा तो आकडा भरताना मला लग्नाच्या केटररला पानं किती ते सांगतोय असं वाटलं होतं. बाहेर साधं लाकडी दार, मग छोटी खोली, तिथे कार्ड दाखवायचं, मग दुसरं दार. एक उघडं असताना दुसरं उघडत नाही. आत मात्र खरंच घरगुती. रविवारी कुणीतरी भात शिजवायचं, बुद्धिबळाची स्पर्धा असायची. त्या आजोबांसारखे दोन-तीन आमच्याकडेही होते, त्यांच्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे.

आणि ला रांब्लावर, म्हणजे बार्सिलोनातल्या पर्यटकांच्या गजबजलेल्या रस्त्यावर, जे 'क्लब, क्लब, कॉफीशॉप' म्हणत मागे लागतात त्यांच्या नादी लागू नका, कुणीही. पर्यटकांना गोळा करणारे हे लोकच क्लबांच्या मुळावर आलेत. शिवाय माल खिशात घालून रस्त्यावर आलात की दंड ६०१ युरोपासून सुरू होतो.


वकील_ठाणे :

प्रवचन नको म्हणालात म्हणून फक्त कलम सांगते. तुम्ही भारतीय नागरिक आहात. आपला अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ चा, पण २००१ च्या दुरुस्तीने त्याच्या कलम १ मध्ये असं आलं की तो भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. जर्मनीत क्लबात गेलात म्हणून मुंबईत कुणी तुमच्यामागे लागेल असं मी म्हणत नाही. पण कागदावर काय आहे ते माहीत असावं.

खरी भीती विमानतळाची. 'थोडंसंच आहे, सोडून देतील' हा गैरसमज फार आहे. कायद्यात १ किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरला जातो हे खरं, पण अल्प म्हणजे माफ नव्हे. त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी आहे. सुट्टीवर येताना बॅगेचे सगळे कप्पे झटकून या, जॅकेटच्या आतल्या खिशासकट. आणि हो, भांगेची पानं त्या व्याख्येत येत नाहीत, शेंडे येतात, म्हणून 'होळीला चालतं मग हे का नाही' हा वाद कस्टमवाल्याशी घालू नका.


निफाडचा_द्राक्षवाला :

वकीलताई, सगळ्यांनी लिहून ठेवण्यासारखं आहे. आमच्या क्लबातला एक पंजाबी मुलगा डिसेंबरात घरी जाण्याआधी जॅकेट ड्रायक्लीनला टाकून गेला होता. सगळे हसले त्याला.

आता संध्याकाळची गोष्ट.

माझी दुसरी पाळी होती. आमच्याकडे झाडं एका लांबट खोलीत, वर एलईडीचे पट्टे, कार्बनच्या फिल्टरची सतत घरघर. फुलोऱ्याचा पाचवा आठवडा. आत गेलं की वास असा येतो की दोन मिनिटांनी तो वास आहे हेच विसरायला होतं, आणि रात्री घरी शर्ट काढला की पुन्हा आठवतं. मला काम दिलं होतं खालची पिवळी पानं काढायचं. मागच्या कोपऱ्यात, जिथे पंख्याचा वारा पोचत नव्हता, तिथे चार-पाच पानांवर पिठूर दिसलं. म्हणजे चपातीला लावायच्या पिठाचा हात चुकून पानाला लागावा तसं. अंगठ्याने पुसलं, गेलं. खालून पान तसंच हिरवं. शेजारच्या झाडावर बघितलं, तिथेही. मी मोठ्याने मराठीतच म्हणालो, 'आयला, भुरी!'

निफाड-पिंपळगावच्या माणसाला भुरी ओळखायला पुस्तक लागत नाही. लहानपणापासून ऑक्टोबरची छाटणी झाली की वडील रोज पहाटे बागेत बॅटरी घेऊन पानं उलटून बघायचे. ढगाळ हवा, कोंदट बाग, की आलीच. आमच्याकडे द्राक्षाला दोनच भुतं, डाऊनी आणि भुरी, दोन्ही बुरशीचे रोग.

पण लागवडीचा प्रमुख ऐकेना. त्याचं म्हणणं, पाण्यातला चुना असेल. दुसरा म्हणाला, हे राळेचे कण आहेत, चांगलं लक्षण आहे! चांगलं लक्षण म्हणे. मी म्हटलं, राळ फुलाजवळच्या पानावर असते, बोटाला चिकटते. हे खालच्या पानावर आहे आणि बोटाला पावडर लागतेय. तरी ठरेना. शेवटी मी त्या पानाचा जवळून फोटो काढला आणि वडिलांना पाठवला. तिकडे रात्रीचे साडेनऊ. फोटो पाठवल्यावर लक्षात आलं की आपण काय केलं.

दोन मिनिटांत फोन.

'भुरीच आहे.'

'हो ना?'

'पान कसलंय हे?'

मी गप्प. ते पण गप्प. माझ्या वडिलांनी नाशिकचे कुंभमेळे बघितलेत, बैरागी बघितलेत, साधुग्राममध्ये दूध पोचवलंय. सात बोटांचं पान त्यांना कळणार नाही असं कसं होईल? मला वाटलं आता फोन आपटतील. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता तो बंद झाला.

'हवा खेळती नाहीये तिथे,' ते म्हणाले. 'पानं विरळ कर. रात्री ओल धरतेय का बघ. गंधक मारलंय का?'

म्हटलं, फुलोऱ्यात आहे, गंधक मारता येत नाही, लोक ते जाळून ओढणार.

'मग लागलेली झाडं उपटून बाहेर काढ. आजच. बाजूच्यांना हात लावायच्या आधी हात धू.' आणि फोन ठेवला.

११ झाडं काढली. इथे झाड काढणं म्हणजे नुसतं काढणं नाही. प्रत्येकाचं वजन, वहीत नोंद, कारण, मग बारीक तुकडे करून कॉफीच्या चोथ्यात कालवायचं म्हणजे कुणी वेचून नेऊ नये, आणि खाली दोघांच्या सह्या. एक सही माझी. कारणाच्या रकान्यात प्रमुखाने जर्मनमध्ये मेलटाऊ लिहिलं आणि मला विचारून कंसात देवनागरीत 'भुरी' लिहून घेतलं. खात्याची तपासणी येईल तेव्हा ते काय म्हणतील माहीत नाही. त्या सभेत जे ओल काढायचं दुसरं यंत्र दोन विरुद्ध बहुमताने मंजूर झालं, ते याच कोपऱ्यासाठी. तरी मी तटस्थ. चुलते असते तर धरून मारला असता.

त्यानंतरच्या रविवारी घरी फोन केला. आईशी बोलणं झालं, बहिणीच्या पोरांचं झालं. वडिलांनी फोन घेतला, आधी पावसाचं बोलले, मग व्यापाऱ्याने भाव पाडला त्याचं. ठेवायच्या आधी आवाज जरा खाली करून म्हणाले, 'गेली का भुरी?'


नवा_ब्राउनश्वाइगकर :

द्राक्षवाले काका, दोनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. ती इस्लामपूरकडची, घरी ऊस, त्यामुळे भुरीपेक्षा तिला सोसायटीची सभा जास्त पटली. म्हणाली, जाऊन तर ये.

आता एक खरी अडचण. मी रोज कामाला वोल्फ्सबुर्गला गाडीने जातो. शनिवारी रात्री ओढलं तर सोमवारी सकाळी काय?


निफाडचा_द्राक्षवाला :

काका नका म्हणू, मी ३८ चा आहे.

गाडीचं गांभीर्याने घ्या. ऑगस्ट २०२४ पासून मर्यादा रक्तातल्या सीरममध्ये मिलिलिटरमागे ३.५ नॅनोग्रॅम टीएचसी. वर सापडलात तर ५०० युरो आणि महिनाभर गाडी बंद. वर दारूही घेतलेली असेल तर १०००. परवान्याची पहिली दोन वर्षं चालू असलेल्यांना आणि २१ च्या खालच्यांना काहीच चालत नाही. महिन्यातून एखाद्या शनिवारी थोडं ओढणारा आणि रोज ओढणारा यात फार फरक पडतो. रोजवाल्याच्या रक्तात ते नशा उतरल्यावरही रेंगाळतं. मी स्वतः दुसऱ्या दिवशी गाडीला हात लावत नाही, ट्रामने जातो. तुमचं पोट गाडीवर असेल तर आधी हे ठरवा, क्लबाचं नंतर.

अजून एक. प्रत्येक क्लबात एक प्रतिबंध अधिकारी असतो, प्रशिक्षण घेतलेला. आमच्याकडे त्याच साठीच्या बाई, पूर्वी नर्स होत्या. अर्ज दिला त्या दिवशी अर्धा तास समोर बसवून विचारलं, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया वगैरे आहे का, झोप कशी आहे, का ओढावंसं वाटतं. मी शेवटच्या प्रश्नाला 'पाठदुखी' म्हणालो. त्या म्हणाल्या, पाठदुखीसाठी डॉक्टरकडे जा, इथे खरं सांग. मग खरं सांगितलं. माझ्या पुढे १९ वर्षांचा एक मुलगा होता, त्याला त्यांनी पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो यावर इतकं ऐकवलं की तो अर्ज घेऊन घरी गेला. पुन्हा आला नाही. मला ते बरंच वाटलं.


नवा_ब्राउनश्वाइगकर :

बरं. शनिवारी त्यांचा माहितीचा कार्यक्रम आहे, ११ वाजता. सहकाऱ्याबरोबर जातोय. काही न्यायला लागतं का?


निफाडचा_द्राक्षवाला :

पासपोर्ट, आणि नगरपालिकेतला पत्त्याच्या नोंदणीचा कागद, मेल्डेबेशाइनिगुंग. सहा महिने त्यावरूनच बघतात. जुने बूट घाला, पहिल्याच दिवशी माती भरायला लावतात. चांगलं जॅकेट घरी ठेवा. राळेने माखलेली बोटं साबणाने निघत नाहीत, आधी खोबरेल चोळा, मग साबण. येताना कपडे गॅलरीत टांगा, नाहीतर ट्राममध्ये वास घेऊन कुणीतरी तुमच्याकडे बघून हसेल. माझ्याकडे एक आजीबाई हसल्या होत्या, आणि उतरताना विचारलं, कोणत्या क्लबात?